जतन केल्यानंतर संहितेतील अक्षरांचे आकार का बदलतात?

विंगेतला :

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी मी फावल्या वेळात एक लहानसे लेखन-अ‍ॅप तयार केले आहे. एकांकिकेची संहिता थेट मोबाइलवर लिहिता यावी, तालमीत ठरलेले बदल तिथल्या तिथे करता यावेत आणि सगळ्यांकडे एकच प्रत असावी, एवढाच त्याचा हेतू आहे. प्रवेशाचे शीर्षक २४, संवाद १६ आणि कंसातील रंगसूचना १३ अशी तीन मापे मी ठरवून दिली आहेत. पात्रांची नावे संवादाच्याच मापात, पण ठळक असतात. लिहिताना पडद्यावर सर्व काही व्यवस्थित दिसते. अडचण सुरू होते ती जतन केल्यानंतर.

अँड्रॉइडवरील अ‍ॅप मजकूर एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या, स्वरूपात जतन करते आणि त्यासाठी मी अँड्रॉइडमध्येच मिळणाऱ्या ‘टू-एचटीएमएल’ व ‘फ्रॉम-एचटीएमएल’ या पद्धती वापरतो. फाइल पुन्हा उघडली की ठळकपणा, तिरपी अक्षरे, रंग, अधोरेखन हे सारे जागच्या जागी असते, परंतु शीर्षक, संवाद आणि रंगसूचना सरसकट एकाच मापात येतात. त्यातही एक विचित्र प्रकार असा की, सोबत दिलेल्या नमुना-संहितेतले शीर्षक मी एच-वन या मोठ्या मथळ्याच्या टॅगमध्ये (मजकुरात घातलेल्या खुणेत) लिहून ठेवले आहे. ते पहिल्यांदा उघडल्यावर मोठे दिसते आणि एकदा जतन करून पुन्हा उघडले की लहान होते.

आमच्या दिग्दर्शकांच्या फोनवर जतन झालेल्या फायलींची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्या संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडल्या असता संवाद १६ ऐवजी २१ मापाचे दिसतात. संस्थेतील एका सहकाऱ्याने केलेली आयपॅडची आवृत्ती आरटीएफ, म्हणजे वर्डसारख्या प्रोग्रामांनाही वाचता येणारी, फाइल लिहिते. ती आयपॅडवर परत उघडली तर बरोबर दिसते, पण कार्यालयातील विंडोज संगणकावर उघडली की प्रत्येक माप मूळच्या सुमारे तीन-चतुर्थांश झालेले असते.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न असता तर मी येथे विचारले नसते. आकार बदलला की पाने बदलतात, आणि तालमीत ‘पान नऊवरून घेऊ या’ असे म्हटल्यावर तिघे जण तीन निरनिराळ्या संवादांवर बोट ठेवतात. शिवाय प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याची प्रत आणि प्रॉम्प्टरच्या हातातली प्रत पानागणिक जुळलेली असावी, अशी आमची अपेक्षा आहे. नेमके कोठे काय बिघडते आहे, हे कोणी सांगू शकेल काय?

जुळारी :

आपण वर्णन केलेले प्रकार दिसायला सारखे असले तरी त्यांची कारणे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, त्यामुळे एकाच दुरुस्तीने ते सुटणार नाहीत. मी अँड्रॉइडपुरते लिहितो. आयपॅडच्या बाबतीत येथील जाणकार सांगतीलच.

प्रथम, जतन झालेली एचटीएमएल फाइल ब्राउझरऐवजी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावी. शीर्षकाच्या अलीकडे एक स्पॅन टॅग, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला शैली देणारी खूण, असेल आणि त्याच्या स्टाइलमध्ये फॉन्ट-साइझ २४ पीएक्स असे लिहिलेले आढळेल. म्हणजे लिहिताना आकार हरवलेला नाही. अँड्रॉइड ७ पासून टू-एचटीएमएल ही पद्धत आकार नोंदवते : ‘अ‍ॅब्सोल्यूट-साइझ-स्पॅन’ (ठरावीक माप देणारी अँड्रॉइडची खूण) असेल तर पीएक्समध्ये, म्हणजे पिक्सेलमध्ये, ‘रिलेटिव्ह-साइझ-स्पॅन’ (मूळ मापाच्या पटीत माप देणारी खूण) असेल तर ईएममध्ये, म्हणजे पटीत. परंतु तिची जोडीदार असलेली फ्रॉम-एचटीएमएल ही पद्धत त्याच स्टाइलमधून अक्षरांचा रंग, पार्श्वभूमीचा रंग आणि मजकुरावर मारलेली काट एवढेच उचलते, फॉन्ट-साइझकडे ढुंकूनही पाहत नाही. नावांवरून या दोन पद्धती एकमेकींच्या उलट असाव्यात असे वाटते आणि बहुतेक जण तसेच गृहीत धरतात. प्रत्यक्षात एकीने लिहिलेले सगळेच दुसरीला वाचता येत नाही.

आपल्या एच-वन शीर्षकाचे कोडेही यातच उलगडते. फ्रॉम-एचटीएमएलला एच-वन ते एच-सिक्स हे टॅग कळतात आणि त्यांना ती अनुक्रमे १.५, १.४, १.३, १.२, १.१ आणि १ पट आकार देते, म्हणून पहिल्या वेळी शीर्षक मोठे दिसते. मात्र त्या क्षणी ते ‘शीर्षक’ राहिलेले नसते, दीडपट आकाराचा ठळक मजकूर झालेले असते. टू-एचटीएमएल त्याची नोंद ‘१.५० ईएम’ अशी स्पॅनमध्ये करते आणि पुढच्या वाचनात ती नोंद वगळली जाते. बिग आणि स्मॉल हे टॅग वापरून वेळ मारून नेण्याचा विचार मनात येऊ शकतो, कारण वाचताना ते अनुक्रमे सव्वापट आणि ०.८ पट असे ओळखले जातात. पण जतन करताना त्यांचेही ईएम होते आणि परिणाम तोच राहतो.

आता दिग्दर्शकांचा फोन. त्यांनी सेटिंग्जमध्ये अक्षरे मोठी करून ठेवली असावीत, असा माझा कयास आहे. अँड्रॉइडमध्ये मजकुरासाठी एसपी हे एकक वापरतात. त्यात पडद्याची घनता (पिक्सेल किती दाट आहेत ते) आणि वापरणाऱ्याने निवडलेला अक्षरांचा आकार या दोन्हींचा गुणाकार होतो. डीपी या एककात मात्र फक्त घनता येते. घनता ३ असलेल्या फोनवर १६ एसपी म्हणजे ४८ पिक्सेल. अक्षरे १.३ पट केलेली असतील तर तेच सुमारे ६२ पिक्सेल होतात. आपण हा पिक्सेलचा आकडा अ‍ॅब्सोल्यूट-साइझ-स्पॅनमध्ये घातला असेल, तर जतन करताना टू-एचटीएमएल त्याला केवळ घनतेने भागते. ६२ भागिले ३ म्हणजे २०.६७ आणि पूर्णांकात २१. एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांच्या सोयीसाठी केलेली निवड अशा रीतीने संहितेत कायमची जाऊन बसते. अँड्रॉइड १४ पासून तर ही वाढ सरळ गुणाकाराने होतही नाही, मोठ्या अक्षरांना ती कमी प्रमाणात लावली जाते, त्यामुळे एकाच आकड्याने भागून मूळ माप काढण्याचा प्रयत्न करू नये. जतन करताना पडद्यावरचे माप मोजायचेच नाही. संहितेत जे माप ठरले आहे तेच लिहायचे, हा त्यावरचा खरा उपाय आहे.

याच जातीचा आणखी एक दोष आपल्या अ‍ॅपमध्ये नसल्याची खात्री करून घ्यावी. मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टव्ह्यू या घटकाची ‘गेट-टेक्स्ट-साइझ’ ही पद्धत पिक्सेल परत करते, तर ‘सेट-टेक्स्ट-साइझ’ला नुसता आकडा दिला तर ती तो एसपी समजते. मिळालेले ४८ जसेच्या तसे परत दिले की अक्षरे १४४ पिक्सेलची होतात आणि दर खेपेस तिपटीने वाढत जातात. आकडा देताना एकक पिक्सेल असल्याचे स्पष्ट सांगितले की हा प्रकार थांबतो.

माझा सल्ला असा की, अ‍ॅपच्या स्वतःच्या फायलीसाठी एचटीएमएल वापरणेच सोडावे. मजकूर साध्या स्वरूपात ठेवावा आणि त्याच्यासोबत जेसन या साध्या माहिती-स्वरूपात एक यादी ठेवावी : या स्थानापासून त्या स्थानापर्यंत ‘प्रवेश’, येथून तेथपर्यंत ‘रंगसूचना’, वगैरे. फाइलमध्ये आकडा नको, भूमिका हवी. ‘रंगसूचना’ किती मोठी दाखवायची हे ज्या त्या उपकरणाने आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवावे आणि छापताना मात्र सर्वांसाठी एकच तक्ता वापरावा. एचटीएमएल, आरटीएफ किंवा डॉक्स (वर्डची फाइल) हे बाहेर पाठवण्याचे प्रकार आहेत; कामाची मूळ प्रत त्यांत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाट्यवेडा :

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सर्वांना पीडीएफ पाठवावी, असे मला वाटते. त्यात फॉन्ट अंतर्भूत करता येतो आणि पाने जशीच्या तशी राहतात. मंडळाकडे पाठवण्याच्या प्रतीसाठी तर तोच उत्तम मार्ग आहे.

मधुमालती :

नाट्यवेडा यांची सूचना छापील प्रतीपुरती योग्य आहे, परंतु विंगेतला यांची संस्था तालमीत संहिता बदलते आहे आणि पीडीएफमध्ये संवाद बदलणे म्हणजे डोकेदुखीच. त्यामुळे आरटीएफचा प्रश्न सोडवलेला बरा.

मॅकवर मजकुराचे नेहमीचे माप १३ पॉइंट आहे, तर आयफोन आणि आयपॅडवर १७. हातात धरलेल्या पडद्यावरचे १७ आणि टेबलावरच्या पडद्यावरचे १३ वाचणाऱ्याला साधारण सारखेच भासतात, म्हणून एकीकडून दुसरीकडे मजकूर नेताना त्याचे प्रमाण बदलण्याची सोय आयओएस १३ मध्ये, म्हणजे २०१९ साली, आणली गेली. अ‍ॅट्रिब्यूटेड स्ट्रिंगचे, म्हणजे शैलीसह ठेवलेल्या मजकुराचे, आरटीएफ करताना ‘टेक्स्ट-स्केलिंग’ हा गुणधर्म देता येतो आणि त्याची दोन मूल्ये आहेत : ‘स्टँडर्ड’, म्हणजे मॅकचे प्रमाण, आणि ‘आयओएस’. वाचताना ‘सोर्स-टेक्स्ट-स्केलिंग’ व ‘टार्गेट-टेक्स्ट-स्केलिंग’ असे दोन पर्याय असतात. सहकाऱ्याच्या आवृत्तीत यांपैकी काहीच सांगितलेले नसावे. त्यामुळे लिहिताना मापे मॅकच्या प्रमाणात उतरवली जातात आणि आयपॅडवर वाचताना पुन्हा चढवली जातात. आयपॅडवर फेरी पूर्ण होत असल्याने तेथे दोष दिसत नाही. विंडोजवरील वर्डला या चढउताराची कल्पनाच नसते. ते फाइलमधला आकडा प्रमाण मानते आणि आपल्याला तीन-चतुर्थांश मजकूर दिसतो.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. आरटीएफ ही मुळात साधी मजकूर-फाइल असल्यामुळे तीही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. सुरुवातीच्या ओळींतच बॅकस्लॅशनंतर ‘कोकोआ-टेक्स्ट-स्केलिंग’ असा शब्द आणि त्याला चिकटून ० किंवा १ असेल : ० म्हणजे मॅकचे प्रमाण, १ म्हणजे आयओएसचे. पुढे मजकुराजवळ ‘एफएस’ आणि त्याला जोडून एक आकडा दिसेल. हा आकडा अर्ध्या पॉइंटांत असतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास चकवते. १६ पॉइंटांच्या संवादासाठी तेथे ३२ असायला हवा. तो जर २४-२५ च्या आसपास असेल तर मी म्हणते तेच घडते आहे. अर्ध्या पॉइंटांचा नियम असल्याने प्रमाण बदलून आलेले अपूर्णांकही जवळच्या अर्ध्यावर जाऊन बसतात, म्हणून सर्व मापांचे गुणोत्तर तंतोतंत सारखे निघाले नाही तरी बुचकळ्यात पडू नये.

उपाय असा : जतन करताना टेक्स्ट-स्केलिंग ‘आयओएस’ असल्याचे सांगावे, आणि वाचताना सोर्स व टार्गेट या दोन्हींना तेच मूल्य द्यावे. मग गुणाकारही होत नाही आणि भागाकारही नाही, वर्डमध्ये १६ चे १६ दिसतात. संस्थेत कोणी मॅक वापरत असेल तर तेथील अ‍ॅप ती खूण ओळखून मजकूर आपल्या प्रमाणात आणू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

जुळारी यांच्या ‘आकडा नको, भूमिका हवी’ या मताशी मी अर्धीच सहमत आहे. संहितेपुरते ते ठीक आहे, कारण नाटकात भूमिका मोजक्या असतात. परंतु लेखकाने एखादी किंकाळी मुद्दाम ४० पॉइंटांत लिहिली असेल, किंवा पुटपुटत मावळत जाणारे वाक्य उतरत्या आकारांत लिहिले असेल, तर तेथे आकार हाच आशय असतो आणि तो कोणत्याही ठरावीक भूमिकेत बसत नाही. तेव्हा यादीत भूमिकेबरोबर ‘संवादाच्या इतके पट’ असा एक ऐच्छिक रकाना ठेवावा. पट ठेवले की एककाचा वाद उरत नाही.

स्थानांविषयी एक इशारा देते. अँड्रॉइडमध्ये मजकुरातील स्थाने यूटीएफ-१६ या अक्षर-संकेतनाच्या एककांत मोजली जातात. ‘स्त्री’ हा शब्द डोळ्यांना एकच अक्षर दिसतो, पण त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा एकके आहेत. आयपॅडच्या अ‍ॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या स्विफ्ट भाषेतील स्ट्रिंग (मजकूर) मात्र अक्षरे वाचकाला दिसतात तशी समूहाने मोजते. अँड्रॉइडने लिहिलेली यादी आयपॅडने स्वतःच्या मोजणीने वाचली, तर प्रत्येक जोडाक्षरागणिक सीमा पुढे सरकत जाईल आणि दोन-चार ओळींतच रंगसूचनेचा आकार संवादावर जाऊन चढेल. दोन्हीकडे यूटीएफ-१६ ची मोजणी ठरवून घ्यावी.

विंगेतला :

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. फाइली उघडून पाहिल्या. एचटीएमएलमध्ये आकार खरोखरच लिहिलेले आहेत, आणि आरटीएफमध्ये स्केलिंगपुढे शून्य असून संवादांपाशी एफएस २५ आहे. दिग्दर्शकांच्या फोनवर अक्षरे मोठी करून ठेवलेली आहेत, हा अंदाजही बरोबर ठरला.

मात्र याच निमित्ताने एक वेगळी गोष्ट लक्षात आली. काही सभासदांच्या आग्रहामुळे मी डॉक्स फाइल तयार करण्याची सोयही दिली आहे. आमच्या एकांकिकेत कॉल सेंटरचा प्रसंग असल्यामुळे काही संवाद रोमन लिपीत इंग्रजीतून आहेत. ही डॉक्स फाइल वर्डमध्ये उघडली असता इंग्रजी संवाद १६ मध्ये येतात, पण मराठी संवाद, शीर्षक आणि रंगसूचना सर्व ११ मध्ये. एकाच वाक्यात दोन लिप्या असतील तर अर्धे वाक्य मोठे आणि अर्धे लहान दिसते. ठळकपणाही केवळ इंग्रजीला लागतो. मराठीलाच असे सावत्र वागवण्याचे कारण काय असावे?

ठाणेकर टंकक :

मी प्रोग्रामर नाही. छपाईपूर्व अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय असून, लेखकांकडून मोबाइलवर तयार झालेल्या डॉक्स फाइली रोज माझ्याकडे येतात. त्यांपैकी कित्येकांत हाच दोष असतो.

वर्ड प्रत्येक मजकुराला एकच माप देत नाही. रोमन लिपीसाठी एक आणि ज्यांना ते ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणते अशा लिप्यांसाठी दुसरे, अशी दोन मापे ते शेजारी शेजारी ठेवते. अरबी आणि हिब्रूप्रमाणेच देवनागरीही या दुसऱ्या गटात मोडते. डॉक्स फाइलच्या नावातील शेवटचा भाग बदलून झिप केला तर ती उघडता येते. आतल्या ‘वर्ड’ या फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल सापडते. तिच्यात रोमन मजकुराचे माप ‘एसझेड’ या टॅगमध्ये आणि देवनागरीचे माप ‘एसझेडसीएस’ या टॅगमध्ये असते. येथेही आकडे अर्ध्या पॉइंटांतच आहेत, म्हणजे १६ साठी ३२. फाइल तयार करणाऱ्या अ‍ॅपने केवळ एसझेड लिहिले आणि दुसरा टॅग वगळला, तर देवनागरीला साच्यातले (टेम्प्लेटमधले) मूळ माप लागू होते. आपल्या साच्यात ते ११ आहे. दुसऱ्या कोणाच्या १० किंवा १२ असू शकते, आणि त्यामुळे एकाच अ‍ॅपच्या दोन फाइली निरनिराळ्या दिसतात.

ठळक आणि तिरप्या अक्षरांचेही तसेच आहे. ‘बी’ हा टॅग रोमनसाठी, ‘बीसीएस’ देवनागरीसाठी. ‘आय’ आणि ‘आयसीएस’ ही जोडीही तशीच. फॉन्टचे नाव देण्याच्या ‘आर-फॉन्ट्स’ या टॅगमध्येही ‘सीएस’ नावाचा स्वतंत्र रकाना आहे, आणि तो रिकामा राहिला तर देवनागरीसाठी फॉन्ट कोणता हे साच्यावर किंवा संगणकावर सोडले जाते. तेव्हा आपण प्रत्येक ठिकाणी जोडीने लिहावे. इंग्रजीत काम करणाऱ्यांना दुसऱ्या टॅगची कधीच गरज भासत नसल्याने डॉक्स तयार करणाऱ्या तयार लायब्ररींमध्ये तो बहुधा मागूनच घ्यावा लागतो. सावत्रपणा असलाच तर तो या विस्मरणाचा आहे.

फाइल हातात आल्यावर ती दुरुस्त करायची असेल तर वर्डमधील फॉन्टची खिडकी उघडावी. संपादनाच्या भाषांमध्ये मराठी किंवा हिंदी जोडलेली असल्यास त्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी फॉन्ट, शैली आणि आकार यांचे वेगळे रकाने दिसतात. लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाने भाषांच्या सेटिंग्जमध्ये सुरू करावी लागते, आणि त्याच्या ओडीटी फाइलमध्ये तर पाश्चात्त्य, आशियाई व कॉम्प्लेक्स अशी तीन मापे स्वतंत्र असतात. देवनागरी त्यांपैकी तिसऱ्यात येते. ‘आशियाई’ या नावाला भुलून अनेक जण चिनी-जपानी लिप्यांचा रकाना भरून ठेवतात. मधुमालती यांनी सांगितलेल्या आरटीएफलाही हे लागू आहे : वर्डने लिहिलेल्या आरटीएफमध्ये ‘एफएस’बरोबर ‘एएफएस’ असते आणि देवनागरीसाठी वर्ड ते पाहते. आरटीएफची मापे दुरुस्त केल्यावरही मराठी मजकूर हटून बसला, तर तेथे शोधावे.

आकडे जुळल्यावरही पाने जुळतीलच असे मात्र मानू नये. फोनवर मजकूर बहुधा नोटो देवनागरीत दिसतो, आयपॅडवर कोहिनूर देवनागरीत, विंडोजवर मंगल किंवा निर्मला यूआयमध्ये. या फॉन्टांत १६ पॉइंटांचे ‘क’ सारख्याच उंचीचे नसते, आणि रफार, अनुस्वार व खालचे उकार सामावून घेण्यासाठी ओळीला दिलेली जागा तर बरीच वेगळी असते. मंगलमध्ये ओळी ऐसपैस पडतात. संस्थेने एकच मुक्त परवान्याचा फॉन्ट ठरवून सर्वांच्या संगणकांवर बसवावा, डॉक्समध्ये त्याचे नाव सीएसच्या रकान्यात लिहावे, आणि ओळींमधील अंतर ‘एकेरी’ न ठेवता ‘एक्झॅक्टली’ या पर्यायाने पॉइंटांत बांधून द्यावे. १६ च्या मजकुराला मी २४ देतो. त्याशिवाय ‘पान नऊ’ सर्वांकडे एकच राहणार नाही.

मधुमालती :

एएफएसची आठवण करून दिल्याबद्दल आभार. आयपॅडने लिहिलेल्या आरटीएफमध्ये तो शब्द नसेल, तेव्हा वर्डमध्ये मराठी मजकूर बिनसलेला दिसला तर आरटीएफच्या वाटेला न जाता थेट डॉक्स तयार करणेच शहाणपणाचे ठरेल.

विंगेतला :

डॉक्समध्ये प्रत्येक टॅगची जोडी लिहिल्यावर मराठी संवाद १६ मध्ये आले आणि पात्रांची नावेही ठळक झाली. सहकाऱ्याने आयपॅडच्या आवृत्तीत स्केलिंगचे मूल्य दिले आहे. भूमिकांची यादी ठेवण्याचे काम मी हाती घेतले असून, किंकाळीसाठी ‘पट’ हा रकानाही ठेवतो आहे.

आता जुन्या संहितांचा प्रश्न उरतो. अनेक सभासदांच्या फोनवर मागच्या वर्षीच्या एकांकिकांच्या एचटीएमएल फाइली आहेत आणि त्यांतील आकार परत मिळवता आले तर हवे आहेत. हे शक्य आहे काय?

जुळारी :

ज्या फाइली लिहिल्यानंतर पुन्हा उघडून जतन केलेल्या नाहीत, त्यांत आकार अजून शाबूत आहेत, कारण हरवतात ते वाचताना. अशा फाइली फ्रॉम-एचटीएमएलकडे न देता जेसूपसारख्या पार्सरने, म्हणजे टॅग उलगडून वाचणाऱ्या साधनाने, वाचाव्यात, स्पॅनमधील फॉन्ट-साइझ काढावी आणि तिच्यावरून भूमिका ठरवावी. येथे नेमक्या आकड्याची तुलना करू नये. दिग्दर्शकांच्या फोनवरच्या फायलीत १३ चे १७ आणि २४ चे ३१ झालेले असतील, म्हणून एका फायलीत सर्वांत जास्त मजकूर ज्या मापात आहे तो संवाद, त्याहून लहान ती रंगसूचना आणि मोठे ते शीर्षक, असे धरावे. एक बारीक बाब सांगतो : अ‍ॅब्सोल्यूट-साइझ-स्पॅनसाठी लिहिलेल्या टॅगमध्ये अर्धविराम अवतरणचिन्हाच्या बाहेर पडलेला असतो. ब्राउझर आणि जेसूप ते चालवून घेतात, परंतु कडक एक्सएमएल पार्सर तेथेच अडून बसेल.

ज्या फाइली पुन्हा जतन झाल्या आहेत त्यांत आकार उरलेले नाहीत, पण नाटकाच्या मांडणीचा आधार आहे. संपूर्ण कंसात असलेला परिच्छेद ही रंगसूचना, ओळीच्या सुरुवातीचा आणि अपूर्णविरामापूर्वीचा (:) ठळक शब्द हे पात्राचे नाव, आणि ‘प्रवेश’ या शब्दाने सुरू होणारी एकटी ठळक ओळ हे शीर्षक. संवादाच्या मधोमध आलेले छोटे कंस माणसाने पाहूनच ठरवावेत. लेखक कंसाचा वापर स्वगतासाठीही करतात.

विंगेतला :

यावरून एक शंका आली. आमच्या अ‍ॅपमध्ये आपोआप जतन होण्याची सोय आहे आणि फाइल उघडल्यावर थोड्याच वेळात ती चालते, मजकुराला हात लावला नसला तरीही. म्हणजे सभासदांनी जुनी फाइल केवळ वाचण्यासाठी उघडली तरी आकार जाणार?

जुळारी :

होय, जाणार. म्हणून यादीचे काम पूर्ण होण्याची वाट न पाहता, आधी स्वयंजतन बंद केलेली आवृत्ती सर्वांना पाठवावी आणि ती बसवेपर्यंत जुन्या संहिता कोणीही अ‍ॅपमध्ये उघडू नयेत, असे आजच कळवावे. ज्यांना फाइली वाचायच्याच असतील त्यांनी त्या फोनमधील ब्राउझरमध्ये उघडाव्यात. ब्राउझर फायलीत काही लिहीत नाही. नवी आवृत्ती जुनी फाइल वाचेल तेव्हा तिने जेसन वेगळ्या नावाने जतन करावे आणि मूळ एचटीएमएल तशीच राहू द्यावी.